आज्यांचा समुद्र

बायबलचा तास जेवणानंतर ठेवायची कल्पना ज्याला सुचली, त्याला मी अजून मनातून माफ केलेलं नाही. आमची शाळा मिशनची. भिंतीवर क्रूस आहे, सोमवारी सकाळी प्रार्थना असते आणि माध्यमिकच्या शेवटच्या वर्गाला आठवड्यातून एकदा मी बायबल शिकवतो. पण परीक्षेत त्याला एक मार्क नाही, आणि ज्याला मार्क नाही त्याला कोरियात कोण विचारतो? पोटात गरम भात आणि मुळ्याची किमची गेलेली, खिडकीतून ऊन आलेलं आणि मी फळ्यापुढे उभा राहून अब्राहामाबद्दल बोलतोय. पुढच्या बाकावरची दोन मुलं तेवढी जागी असतात, आणि तीही बाकाखाली गणितं सोडवत असतात.

मी मूळचा या बेटाचा नाही. जेजूला येऊन वीसेक वर्षं झाली, पण इथल्यांच्या लेखी मी अजून ‘जमिनीवरची वस्तू’ आहे. मुख्य भूमीवरून आलेल्या कुणालाही ते हेच म्हणतात. माणूससुद्धा नाही, वस्तू. सुरुवातीला फार राग यायचा. मग मीच बाजारात स्वतःला तसं म्हणवून घ्यायला लागलो, तर भाजीवाली हसते आणि मुळा जरा जाड निवडून देते.

त्या ऑक्टोबरात मी रूथची गोष्ट घेतली होती. दुष्काळामुळे परदेशी गेलेलं कुटुंब, तिथेच वारलेले मुलगे, आणि उरलेली म्हातारी नामी. ती आपल्या गावी परत निघते तेव्हा तिची परदेशी सून रूथ तिची पाठ सोडत नाही. नवरा नाही, मूल नाही, तरी सासूबरोबर अनोळखी लोकांत येऊन राहते. घरात दाणा नसतो, म्हणून रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते.

“सरवा म्हणजे काय सर?” मिरांगनं विचारलं. मिरांग म्हणजे वर्गातली सगळ्यांत आगाऊ मुलगी. ती जागी आहे याचंच मला नवल वाटलं.

“कापणी करताना जी कणसं खाली गळतात, ती. मालकानं ती उचलायची नाहीत. शेताच्या कडेचं पीकही कापायचं नाही. ते विधवेचं, पोरक्याचं आणि परक्याचं. देवाचा तसा नियमच होता.”

“मालक येडा होता का सर?” मिरांग म्हणाली. “आमच्या बागेत संत्रं गळून पडलं ना, तर तेपण ज्यूसवाला टेम्पोत भरून नेतो. सडकं असलं तरी.”

“आमच्या बागेत तर कावळ्यालासुद्धा काही उरत नाही,” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं, कारण हसण्यासाठी का होईना वर्ग जागा झाला होता. पण माझं डोकं तापलं. मी म्हणालो, “शाबास. म्हणजे एवढ्या मोठ्या बेटावर एकही जागा अशी नाही, जी धडधाकट माणसं मुद्दाम दुबळ्यांसाठी सोडून देतात?”

मिरांग जांभई देत म्हणाली, “आहे की. आज्यांचा समुद्र.”

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. आज्यांचा समुद्र मला ऐकून माहीत होता, गावात कुणाला नाही? आमच्या गावच्या बायका श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात आणि तळाचे शंख, शिंपले, शेवाळ काढतात. हेन्यो म्हणतात त्यांना. पाठीवर हवेचं नळकांडं नाही, काही नाही. जेवढा श्वास तेवढी कमाई. वय झालं की छाती साथ देत नाही, खोल जाता येत नाही. म्हणून किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र फक्त म्हाताऱ्यांसाठी ठेवलेला असतो. तरण्या बायका त्यावरून पोहत पुढे जातात, पण खाली पायाशी शंख दिसला तरी हात घालत नाहीत. हे कुठेही लिहिलेलं नाही आणि कुणी पहारा देत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी दर वर्षी या मुलांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेताचं चित्र फळ्यावर काढून दाखवत होतो, आणि तो कायदा खिडकीबाहेर लाटांखाली पाळला जात होता. मी खिडकीशी गेलो. समुद्र रोजचाच होता, पण मला तो पहिल्यांदा दिसल्यासारखा वाटला.

“सर,” खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला. यॉनहा होती. ही मुलगी हजेरीपलीकडे वर्गात कधी बोलत नसे. “ती शेतात गेली तेव्हा तिला कुणी अडवलं नाही? ‘तू आमची नाहीस’ असं कुणी म्हणालं नाही?”

कुणी हसलं नाही. मिरांगसुद्धा बाकाकडे बघत राहिली, कारण यॉनहा कुणाबद्दल विचारते आहे हे सगळ्यांना कळलं होतं.

तिची आई लिएन व्हिएतनामची. लग्न होऊन या गावात आली, यॉनहा झाली, आणि मग नवरा आजारपणात गेला. घरात उरल्या या दोघी आणि सासू मालसुन, जिचं आयुष्य समुद्रात गेलं होतं. आता तिचे गुडघे आणि कान दोन्ही गेले होते. समुद्रात उतरायचा हक्क घरटी एकीला असतो. मालसुननं तो सुनेला द्यायचं ठरवलं होतं, पण त्याला बाकीच्या बायकांची संमती लागते, आणि ती मिळत नव्हती. लिएन संत्र्यांच्या शेडवर पेट्या भरायची, ते काम हंगामापुरतं. आता मुख्य भूमीवरच्या एका कारखान्यातून तिच्या बहिणीनं बोलावणं धाडलं होतं. समुद्र मिळाला नाही तर हिवाळ्याच्या सुट्टीत लिएन मुलीला घेऊन जाणार, आणि मालसुन त्या घरात एकटी राहणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“अडवलं नाही,” मी म्हणालो. “शेताचा मालक बवाज. त्यानं आपल्या गड्यांना तिच्याबद्दल काहीतरी सांगून ठेवलं होतं. ते काय, ते…”

तेवढ्यात घंटा झाली. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या घंटेवर मी चरफडलो.

“पुढच्या तासाला,” मी म्हणालो.

यॉनहा जागची उठली नाही. “पण सांगितलं होतं ना त्यानं?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो, तेव्हा ती दप्तर भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा करायला गेलो. किनाऱ्यावर हेन्योंची शेकोटी आहे, काळ्या दगडांचं गोल कुंपण आणि मधे जाळ. समुद्रात जायच्या आधी आणि आल्यावर त्या तिथे बसतात. पुरुष सहसा तिकडे फिरकत नाहीत. हंगाम उघडायच्या आधीची सफाई चालली होती. मी वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि धूर येत नव्हता अशा बाजूच्या सपाट दगडावर बसलो.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग एक फिसकन हसली आणि पाठोपाठ सगळ्या हसायला लागल्या.

“बसा, बसा सर,” ग्येसॉन म्हणाली. ही त्यांची म्होरकी, मिरांगची आजी. साठी उलटलेली, खांदे एखाद्या हमालासारखे. “त्या दगडावर बसायला माझं निम्मं आयुष्य गेलं. तुम्ही आल्या आल्या बसलात. बायबल वाचून श्वास वाढतो वाटतं?”

शेकोटीभोवती बसायच्या जागा श्वासावर ठरतात. बिनधुराची बाजू सगळ्यांत खोल जाणारीची, आणि धूर नवख्यांच्या डोळ्यांत. हे मला माहीत असायला हवं होतं. मी धडपडत उठलो आणि धुरात जाऊन उभा राहिलो.

“समचुन,” मी म्हणालो. या बेटावर वडीलधाऱ्या कुणालाही, बाई असो की बुवा, ‘काका’च म्हणतात. “लिएनचं काहीतरी बघा. पोरगी हुशार आहे, शाळा सुटेल तिची.” आणि मग मला राहवलं नाही. मी तिथल्या तिथे रूथची गोष्ट सांगायला लागलो. शेत, सरवा, विधवा, परकी, सगळं. त्यांनी हातातली कामं थांबवून ऐकलं, हे मान्य केलं पाहिजे.

मी थांबल्यावर ग्येसॉननं जाळात लाकूड सरकवलं. “चांगली आहे गोष्ट. पण तुमच्या पुस्तकातलं सोपं आहे, सर. शेतात कुणी गुदमरून मरत नाही.”

तिनं आणखी एक लाकूड आत ढकललं.

“तुम्हाला वाटतं, ती परकी म्हणून आम्ही अडवतो. ही चोंगी बसली आहे ना, ती अडवते तशी. अडवतेस की नाही ग?” चोंगीनं तोंड फिरवलं. “पण माझं तसं नाही. तिचा श्वास मला माहीत नाही. इथल्या पोरींचा मी लहानपणापासून ओळखते. कोण कधी वर येईल, कोण येणार नाही. माझी धाकटी बहीण चांगली होती पाण्यात, माझ्यापेक्षा चांगली. वर यायला निघाली आणि तिला कपारीत आणखी एक शंख दिसला. एकच. तेवढ्यासाठी ती परत वळली.” तिनं हात झटकले. “ज्या बाईच्या घरात दाणा नाही, ती खाली शंख बघून काय करेल, ते मला सांगा. तुमच्या देवानं काही लिहून ठेवलंय?”

धुरानं डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पुसलं. काठावर बसून पोहायला शिकवणारा माणूस कसा दिसतो, हे मला त्या दिवशी समजलं. मी नमस्कार करून परत आलो.

त्या आठवड्यात वर्गानं वेगळंच खूळ काढलं. मिरांग म्हणाली, “सर, वीस वर्षांत तुम्ही आज्यांचा समुद्र एकदाही नीट बघितला नाही? लाज आहे का? चला, दाखवतो.” शंखांचा हंगाम शनिवारी सकाळी उघडणार होता. बायबलच्या वर्गातली मुलं सुट्टीच्या दिवशी स्वतःहून येतो म्हणताहेत, हे ऐकल्यावर मुख्याध्यापकांनी फक्त माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघायचं बाकी ठेवलं.

शनिवारी आम्ही धक्क्यावर जाऊन बसलो. मुलांनी गिंबापच्या, शेवाळाच्या पानात वळलेल्या भाताच्या, गुंडाळ्या आणल्या होत्या. वारा थंड होता, पण समुद्र शांत होता. काळ्या रबरी पोशाखातल्या बायका नारिंगी तरंगते गोळे खांद्याला लावून उतरणीवरून खाली येत होत्या. त्या गोळ्याला खाली जाळीची पिशवी लटकलेली असते, काढलेला माल त्यात टाकतात. पूर्वी त्या वाळलेला भोपळा वापरायच्या, म्हणून म्हाताऱ्या अजून त्याला भोपळाच म्हणतात.

आणि मग मालसुन आली. तिच्या अंगावर नेहमीचे घरचे कपडे होते. पोशाख लिएनच्या अंगावर होता, सासूचा जुना, कोपरांना ठिगळं लावलेला. मालसुनचा भोपळाही तिच्याच खांद्यावर होता. म्हातारी सुनेचा दंड धरून सरळ उथळ पाण्याकडे, आज्यांच्या समुद्राकडे चालली होती.

मी यॉनहाकडे पाहिलं. ती धक्क्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली होती.

“मी आजीला गोष्ट सांगितली, सर,” ती हळूच म्हणाली. “सासूनं सुनेला वेचायला पाठवलं ती. आजी म्हणाली, मग त्यात विचार कसला करायचा.”

मी वर्षानुवर्षं शिकवत होतो, पण शिकवलेलं कुणी करून बघेल अशी भीती मला कधी वाटली नव्हती. आता चुकलं तर या बायका आयुष्यभर त्या घराशी बोलल्या नसत्या.

“कुठे चाललीस ग?” चोंगी ओरडली. सगळ्या बायका थांबल्या.

“माझ्या समुद्रात,” मालसुन म्हणाली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती नेहमी मोठ्यानं बोलते, आणि सगळा धक्का ऐकतो. “तिथलं वेचायचा मला हक्क आहे ना? माझे गुडघे गेले. मी दगडावर बसते, माझ्या ऐवजी ही वेचेल.”

“आज्यांच्या समुद्रात तरण्या बाईचा हात?” चोंगी म्हणाली. “आज हिनं घातला, उद्या कोणीही घालेल. मग म्हाताऱ्यांनी काय वाळू खायची?”

यात काहीच खोटं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. लिएन खाली मान घालून उभी होती. सगळ्यांनी ग्येसॉनकडे पाहिलं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून डोळ्यांवर लावायची काच पुसत होती, जणू हे काही तिच्या कानावर पडलंच नव्हतं. मग तिनं काच कपाळावर चढवली.

“चोंगीचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “इथे हिचा हात पडणार नाही. माझी स्वतःची सून असती तरी नसता पडला.”

“मग हिनं जायचं कुठे?” मालसुन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “सांग ना. हिनं जायचं कुठे?”

ग्येसॉननं लिएनला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तू शिकवलंस का हिला?”

“दोन उन्हाळे. पोरी शिकतात तिथे, पोरींच्या समुद्रात.”

“मग ये,” ग्येसॉन लिएनला म्हणाली. “आमच्याबरोबर, खोल. माझ्या डाव्या हाताला राहायचं. आजचा एक दिवस. परत आल्यावर बघू जाळी काय म्हणते ते.”

एवढं बोलून ती पाण्यात शिरली. लिएननं एकदा धक्क्याकडे, मुलीकडे पाहिलं आणि ती मागोमाग गेली.

पुढचे काही तास मी विसरणार नाही. समुद्रावर नारिंगी ठिपके पसरले होते. एकेक बाई पाय वर करून पाण्यात नाहीशी व्हायची आणि मग तिथे काही म्हणजे काही उरायचं नाही. एवढं मोठं पाणी आणि त्याखाली कुठेतरी एक माणूस. आपलाही श्वास नकळत थांबतो. मग पाणी फुटायचं, डोकं वर यायचं आणि शीळ ऐकू यायची, लांब, उंच, छातीतून निघालेली. हेन्यो वर आली की पहिला श्वास असा शीळ घालत सोडते. मी ती शीळ वर्षानुवर्षं खिडकीतून ऐकली होती. माझ्या लेखी तो शाळेबाहेरचा एक आवाज होता. त्या दिवशी मला कळलं की ही बातमी असते: मी आहे. मातीच्या पुतळ्यात देवानं श्वास फुंकला हे मी दर वर्षी शिकवतो. तो फुंकल्यावर कसा आवाज झाला असेल, हे तिथे बसून ऐकत होतो.

मुलं गिंबाप खायचीही विसरली. मिरांग आम्हाला लांबून ओळखून सांगायची, “ही आजी. ही चोंगी समचुन. ही… ही यॉनहाची आई.” लिएनची शीळ आखूड होती, थोडी घोगरी. ती खाली जायची आणि फार लवकर वर यायची. ग्येसॉन एकदा खाली जायची तेवढ्यात लिएन दोनदा वर. आणि दर वेळी तिचे हात मोकळे दिसायचे.

“तिला जमत नाहीये,” यॉनहा म्हणाली.

“अजून वेळ आहे,” मी म्हणालो. मनातून मी प्रार्थना करत होतो, आणि लाज सोडून सांगतो, देवाकडे चक्क शंख मागत होतो.

दुपारी त्या परत आल्या. एकेक बाई पिशवी ओढत उतरणीवर यायची, पाणी गळत, पाठीतून वाकून. ग्येसॉनची जाळी तर दोघींनी उचलावी अशी भरलेली. सगळ्यांत शेवटी लिएन आली. तिचे ओठ निळे पडले होते. तिची जाळी एका हातात धरलेली होती, कारण दुसऱ्या हाताची गरजच नव्हती. तळाशी दोन शंख होते आणि थोडं शेवाळ.

“एवढंच?” चोंगी म्हणाली. मालसुन दगडावरून उठायला गेली, पण तिला उठता आलं नाही. यॉनहानं माझी बाही पकडली होती. तिला ते माहीत नव्हतं, आणि मी हात हलवला नाही.

ग्येसॉन लिएनपुढे येऊन उभी राहिली. “कपारीत मोठे शंख होते. दिसले नाहीत तुला?”

“दिसले, समचुन,” लिएन म्हणाली. दातावर दात वाजत होते. “पुष्कळ दिसले.”

“मग?”

“श्वास अर्धा उरला होता,” ती सासूकडे बघत म्हणाली. “आईनी सांगितलंय, अर्धा उरला की वर यायचं. मग काही दिसलं तरी.”

ग्येसॉन वाकली, आपल्या जाळीत हात घातला, मूठभर शंख काढले आणि लिएनच्या जाळीत टाकले. काळ्या दगडावर जाळी टेकली होती, त्यामुळे त्यांचा खडखडाट झाला. तिनं आणखी एक मूठ टाकली.

“घरात दाणा नाही, समोर शंख आहे, आणि बाई रिकाम्या हातानं वर येते,” ती बाकीच्यांकडे वळून म्हणाली. “पंचवीस वेळा गेली, पंचवीस वेळा आली. मी मोजत होते. शंख काढायला मी कुणालाही शिकवीन. हे मला माझ्या बहिणीला शिकवता आलं नाही.”

ती आपली जाळी ओढत शेकोटीकडे निघून गेली. तिच्यामागची बाई पुढे आली आणि तिनं मूठभर टाकले. मग तिच्या मागची. शंख जाळीत पडत होते आणि लिएन दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. सगळ्यांत शेवटी चोंगी आली. तिनं आपल्या जाळीत बराच वेळ हात फिरवला, मला वाटलं लहानातला लहान शोधते आहे. मग तिनं एक मोठा काढला, बघितला, टाकला, आणि पुटपुटत निघून गेली.

“हे गेसोक, सर,” मिरांग माझ्या कानाशी म्हणाली. “जिची जाळी हलकी, तिच्यात भरल्या जाळीवालीनं मूठभर टाकायचं. फक्त आपल्यातलीला देतात. बाहेरच्या बाईला नाही देत.”

माझ्या अंगावर काटा आला होता. मुलांना वाटलं, सरांना थंडी वाजते. कारण दुसरंच होतं, आणि त्या धक्क्यावर ते फक्त मला माहीत होतं. मी टोपी काढली आणि तसाच उभा राहिलो.

पुढच्या तासाला जेवणानंतरचं तेच ऊन होतं, पण वर्गात एकही जण झोपला नव्हता. मी पुस्तक यॉनहाच्या हातात दिलं आणि कुठून वाचायचं ते बोट ठेवून दाखवलं. ती उभी राहून वाचायला लागली. बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिला अडवू नका, तिला बोलू नका. आणि मग तो सांगतो की तुमच्या बांधलेल्या पेंढ्यांमधून मुद्दाम काही कणसं उपसा आणि तिच्या वाटेवर टाका, म्हणजे ती वेचील.

यॉनहा थांबली. तिनं ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मोठ्यानं नाही.

मी इतकी वर्षं ही ओळ शिकवली होती, फळ्यावर लिहिली होती, तिच्यावर उपदेश केले होते. ती खरी आहे असा माझा विश्वास होता. पण ती माझ्या डोळ्यांदेखत, पाणी गळणाऱ्या बायकांच्या मुठींतून पडताना मी पाहीन, असं मला कुणी सांगितलं असतं तर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

“सर,” मिरांग शेवटी म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी शेकोटीवर हे आजीला सांगितलं होतंत का?”

“नाही. इथपर्यंत मी पोचलोच नव्हतो.”

“मग आजीला कुणी सांगितलं?”

“तिच्या आईनं सांगितलं असेल.”

“आणि तिच्या आईला?”

वर्ग वाट बघत होता आणि मला काहीतरी ठरावीक सांगून मोकळं होता आलं असतं. “मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मला एवढंच माहीत आहे की मी त्या वेळी टोपी काढली.”

घंटा झाली तरी मुलं रेंगाळत गेली. यॉनहा मागे राहिली. तिनं दप्तरातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. कागद ओला होता आणि समुद्राचा वास येत होता. आत चांगले मोठे शंख होते.

“हे काय ग?” मी म्हणालो. “मी विकत घेतो ना दर वेळी.”

“आई कालपासून जायला लागली समुद्रात,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसाचे आहेत. ती म्हणाली, त्या दिवशी सगळ्यांच्या हातात काहीतरी होतं. सर एकटे रिकाम्या हातानं उभे होते.”

ती वाकून नमस्कार करून गेली. मी त्या पुडीकडे बघत बसलो. वीस वर्षं मी या बेटावर जमिनीवरची वस्तू होतो, आणि बाहेरच्याला गेसोक देत नाहीत.